मुक्काम भोर

राजगड-तोरणा पाहायला निघालेल्या ओळखीच्या माणसांना मी एकच सल्ला देत आले आहे : मुक्काम भोरला करा. भाटघरच्या पाण्याकाठी उभ्या राहिलेल्या रिसॉर्टात नको, आणि पहाटे पुण्याहून निघून रात्री घरी परत, असं तर अजिबात नको. भोर गावात, बाजारपेठेत, राजवाड्यापर्यंत चालत जाता येईल अशा ठिकाणी एखादी साधी खोली घ्या आणि दोन-तीन रात्री राहा. बहुतेकांना हे पटत नाही. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर कुणी मुक्काम करतं का, असं ते विचारतात. त्यांच्या लेखी भोर म्हणजे कापूरहोळला हायवे सोडल्यावर वरंध घाटाकडे जाताना लागणारं गाव. गाडी तिथं हळू होते, फार तर चहाला थांबते, आणि पुढे जाते.

मी उतरते ते लॉज पेठेच्या आतल्या अंगाला आहे. खाली खानावळ, वर खोल्या. खोलीत लोखंडी पलंग, भिंतीतलं कपाट, न्हाणीत बादली आणि सकाळी ठरलेल्या वेळेत गरम पाणी. पहिल्यांदा गेले तेव्हा मालक काकांनी वहीत नाव लिहिता लिहिता विचारलं होतं, "कामासाठी आलात का ताई, की कोर्टाची तारीख?" गाव पाहायला आले आहे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मग घाई करू नका. जेवून घ्या, नंतर बोलू." रात्री ताटात तांदळाची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी आणि शेवटी इंद्रायणीचा मऊ, वासाचा भात. हा भात दहा-वीस किलोमीटरच्या आतल्या खाचरांतला असतो, हे चवीलाच कळतं.

अशा लॉजमध्ये पर्यटक कमीच. औषधांच्या आणि बी-बियाण्यांच्या कंपन्यांचे फिरते विक्रेते, बदलीवर आलेले आणि अजून घर न मिळालेले शिक्षक, कुणाच्या लग्नाला आलेले मुंबईकर. आणि एक वर्ग असा, की जो मला फार जवळचा वाटतो : तहसील कचेरीत किंवा कोर्टात काम घेऊन खोऱ्यातून आलेली वयस्क माणसं, ज्यांची आपल्या गावाकडची शेवटची एसटी सुटलेली असते. ती खानावळीच्या बाकावर बसतात आणि एकमेकांना आधी गाव विचारतात, मग खोरं, मग आडनाव. कुणी हिरडस मावळातला, कुणी वेळवंड खोऱ्यातला, कुणी गुंजवणीच्या काठचा. मावळाचा भूगोल मी नकाशावर बऱ्याच वेळा पाहिला होता, पण तो मला कळला तो या बाकावर.

भोर जिथं आहे, तिथंच का आहे, हे एकदा समजलं की बाकी पुष्कळ गोष्टी आपोआप जागेवर येतात. सह्याद्रीची मुख्य रांग पश्चिमेला, आणि तिच्यापासून पूर्वेकडे डोंगरांचे दांड उतरत आलेले. दोन दांडांमध्ये एक नदी, एका नदीचं एक खोरं. हाताचा पंजा जमिनीवर पसरून ठेवला, तर बोटांच्या मधल्या फटी म्हणजे ही खोरी, आणि भोर आहे तळहाताशी. वरंध घाटाच्या माथ्याजवळ शिरगावला उगम पावलेली नीरा हिरडस मावळातून उतरून गावाशी येते. दक्षिणेकडे रोहिड खोरं आणि रोहिडा किल्ला. उत्तरेला वेळवंडीचं खोरं. त्याच्यापलीकडे गुंजण मावळ आणि राजगड, आणखी पलीकडे कानद खोरं, तोरणा आणि वेल्हे. कोकणातून वर चढलेला माल आणि माणूस याच वाटेनं देशावर येई. शिवाजी महाराजांनी ज्या मुलखात पहिली माणसं जोडली, तो मुलूख एका बैठकीत नजरेसमोर मांडायचा, तर त्यासाठी एवढ्या मोक्याची जागा दुसरी नाही.

गडावर जाऊन परत येणाऱ्या माणसाला गड दिसतो, खोरं दिसत नाही. हे मी तक्रार म्हणून म्हणत नाही. पाय दुखत असतात, उजेड जात असतो, परतीची गाडी असते. पण स्वराज्य आधी खोऱ्यांत उभं राहिलं, मग गडांवर चढलं. प्रत्येक खोऱ्याला देशमुख होता : रोहिड खोऱ्याचे जेधे, हिरडस मावळाचे बांदल, गुंजण मावळाचे सिलिमकर, कानद खोऱ्याचे मरळ. एकमेकांशी शिवेवरून, वतनावरून पिढ्यान् पिढ्या भांडणारी ही घराणी. सकाळी भोरच्या पेठेतून चालत गेलं, की हीच आडनावं दुकानांच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. कुठं हार्डवेअर, कुठं झेरॉक्स, कुठं किराणा. आपण ज्यांना इतिहासातली माणसं म्हणतो, त्यांच्या वंशातली माणसं इथं शटर वर करून दुकान झाडत असतात.

जेध्यांचं कारी हे गाव इथून जवळच. 1659 साली अफजलखान चालून आला, तेव्हा आदिलशाहीचं फर्मान मावळातल्या देशमुखांना गेलं होतं : खानाला येऊन मिळा, नाहीतर वतन जाईल. कान्होजी जेधे आपल्या मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. वतन ही त्या काळी नुसती जमीन नव्हती. घराण्याचं नाव, पंचक्रोशीतला मान, मुलीबाळींची स्थळं, सगळं त्यात होतं. दुसऱ्याच वर्षी, 1660 मध्ये, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बांदलांची माणसं कापली गेली. त्यांचं नेतृत्व करणारे बाजीप्रभू हे बांदलांचे देशपांडे, याच तालुक्यातल्या शिंद गावचे. त्या रक्ताचा सन्मान म्हणून दरबारातलं मानाचं पहिलं पान बांदलांना द्यायचं ठरलं. तोवर तो मान जेध्यांचा होता. जेध्यांनी तो सोडला. मला हा प्रसंग कोणत्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो. लढाईत प्राण देणारे पुष्कळ असतात. मांडीला मांडी लावून बसणाऱ्या शेजाऱ्याला आपल्या पुढचं पान देणारे फार थोडे.

याच जेध्यांच्या घरात एक शकावली जपलेली होती. वर्षवार, तिथीवार टिपलेल्या घटनांची यादी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केली. शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, ही महाराजांची जन्मतिथी मानण्यामागे या शकावलीचा मोठा आधार आहे. आज महाराष्ट्रभर ज्या दिवशी मिरवणुका निघतात, त्या दिवसाचा पुरावा भोरजवळच्या एका गावातल्या दप्तरात होता. कारीला जाताना मला नेहमी त्या कुणा अनाम लेखणिकाची आठवण होते, ज्यानं एकेक ओळ टिपून ठेवली.

कागद जपण्याचा हा संस्कार भोरच्या मुळातच आहे. भोर संस्थानाचे अधिपती पंतसचिव. सचिव म्हणजे अष्टप्रधानांतला सुरनीस, राज्याचा पत्रव्यवहार आणि हिशेब तपासणारा. घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण. राजाराम महाराज जिंजीला असताना आणि नंतर ताराबाईंच्या काळात, औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ देऊन बसलेला असताना, या भागातले किल्ले राखण्याचं आणि गेलेले परत मिळवण्याचं काम त्यांनी केलं. राजगड आणि तोरणा 1704 मध्ये मोगलांनी घेतले होते. ते दीर्घकाळ त्यांच्याकडे टिकले नाहीत, त्यात या माणसाचा हात मोठा. मग 1707 उजाडलं. औरंगजेब मेला, शाहू सुटून आले, आणि निष्ठा कुणाशी ठेवायची हा प्रश्न प्रत्येक सरदारासमोर उभा राहिला. शंकराजींनी ताराबाईंना शब्द दिलेला होता, आणि समोर संभाजी महाराजांचा मुलगा. भोरपासून जवळच अंबवडे इथं त्यांनी आपलं आयुष्य संपवलं, असं सांगतात. त्यांची समाधी तिथं आहे.

अंबवड्याला मी सांगेन तेव्हाच जा, म्हणजे दुपार कलल्यावर. गाव ओढ्याच्या काठी, झाडीत. नागेश्वराचं देऊळ, शंकराजींची समाधी, आणि ओढ्यावर लोखंडी दोरांनी तोललेला झुलता पूल, संस्थानाच्या अखेरच्या काळात, 1930 च्या दशकात बांधलेला. राजा रघुनाथराव पंतसचिवांनी आपल्या मातोश्री जिजीसाहेबांचं नाव त्याला दिलं. पुलावरून एका वेळी थोडीच माणसं जातात आणि पावलांबरोबर फळ्या हलतात. एका टोकाला धर्मसंकटात सापडून स्वतःला संपवणाऱ्या पूर्वजाची समाधी, आणि मध्ये सव्वादोनशे वर्षांनी आलेल्या वंशजानं आईच्या नावानं बांधलेला पूल. त्या घराण्याची अख्खी कहाणी एवढ्याशा जागेत मावते.

भोरचा राजवाडा मात्र पेठेतच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. दर्शनी भाग युरोपीय वळणाचा आणि आत शिरलं की लाकडी खांबांचे, एकामागून एक उलगडणारे मराठी चौक. सिनेमावाल्यांना तो फार आवडतो, आणि कित्येक चित्रपटांतून आपण तो पाहिलेला असतो, भोरचा आहे हे न कळता. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे हवं तेव्हा आत जाता येतंच असं नाही. याचंही मला वाईट वाटत नाही. राजस्थानात कितीतरी राजवाड्यांची हॉटेलं झाली, आणि त्यामुळे त्या इमारती वाचल्या हेही खरं. पण ज्याच्या खिशात त्या खोलीचं भाडं आहे, त्याच्यासाठीच त्या वाचल्या. भोरच्या वाड्यात अजून रामाचा उत्सव होतो आणि त्या दिवशी गावातला कुणीही माणूस आत जातो. वाड्याचं हॉटेल होण्यापेक्षा वाड्याजवळ पाच-सात चांगली, स्वच्छ, परवडणारी लॉजेस असणं मला गावाच्या जास्त हिताचं वाटतं.

संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधी त्याचे पाच तालुके होते आणि त्यांची नावं अशी : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. कारभाराची कागदपत्रं गडांच्या नावानं चालत होती. 2024 मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला, तेव्हा अनेकांना ते नवीन वाटलं. खानावळीच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना ते मुळीच नवीन नव्हतं. त्यांच्या घरातल्या जुन्या कागदांवर ते नाव होतंच.

भाटघरबद्दल बोलायला हवं, कारण पुण्याहून येणाऱ्यांना आज इथलं सगळ्यांत आवडतं ठिकाण तेच. वेळवंडी नदीवर पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालं आणि त्याच्या जागी आजचं मोठं धरण 1928 मध्ये, लॉइड धरण या नावानं. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. कंक या डोंगरांतल्या भुतोंड्याचे, म्हणून ते नाव शोभतं. साठा साडेतेवीस टीएमसीच्या घरात. पावसाळ्यात धरण भरलं, की दगडी भिंतीतले स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि ते पाहायला गर्दी लोटते. हे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसला जातं. तिकडचा ऊस, तिकडचे साखर कारखाने, तिकडची समृद्धी या खोऱ्यातल्या पावसावर उभी आहे. आणि ज्या खोऱ्यात ते अडवलं, तिथं पावसाळी भाताखेरीज फारसं काही पिकत नाही. मार्च लागला की कित्येक वस्त्यांवर डोक्यावर हंडे दिसतात. काठावरच्या रिसॉर्टच्या सज्जातून हे दिसत नाही, कारण तो सज्जा पाण्याकडे तोंड करून बांधलेला असतो.

उन्हाळ्यात, पाणी अगदी तळाला गेलं, की वेळवंड खोऱ्यात कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचं जुनं देऊळ वर येतं. वर्षातला बराचसा काळ पाण्याखाली असणारं दगडी देऊळ. गाळ वाळतो, भेगाळतो, त्याच्यावरून चालत माणसं दर्शनाला येतात. मी गेले तेव्हा एक आजी देवळापासून थोड्या अंतरावर नुसत्या उभ्या होत्या. मी विचारलं, "आजी, दर्शन झालं?" त्या म्हणाल्या, "झालं की. आता शेत बघतीया." समोर गाळाचा सपाट पट्टा होता. त्यांच्या सासऱ्याच्या वडलांचं शेत तिथं कुठंतरी होतं, असं त्यांना सासूनं दाखवलं होतं. आता त्या आपल्या नातवाला दाखवत होत्या. नातू चपलेनं गाळाची ढेकळं उकरत होता. आजींनी हातानं हद्द दाखवली : हिकडनं तिकडपतूर. नंतर आम्ही तिघंही परतलो, कारण ऊन फार वाढलं होतं आणि त्यांना पुढच्या वाडीची गाडी धरायची होती.

राजगडाविषयी नव्यानं काय सांगावं? जवळजवळ पाव शतक तो राजधानी होता. अफजलखानाचं संकट, आग्र्याहून 1666 मध्ये झालेली सुखरूप वापसी, 1670 मध्ये राजाराम महाराजांचा जन्म, सगळं या गडाच्या पोटात. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, आणि मध्ये आभाळात चढलेला बालेकिल्ला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राजगड आहे. ती बातमी आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तोरणा त्या यादीत नाही, पण वेल्ह्यात राहून तोरणा चढलेल्या माणसाला यादीची आठवण राहत नाही. तोरण्यासाठी एक रात्र वेल्ह्यातच काढावी. तिथं लॉजपेक्षा घरं बरी. ओसरीवर सतरंजी, आत चुलीवरचं जेवण, पहाटे कुणीतरी दार वाजवून म्हणणार, "उठा दादा, ऊन व्हायच्या आत बिनीचा दरवाजा गाठायचाय." गडावर मेंगाईचं देऊळ आहे आणि खाली गावातही मेंगाईच ग्रामदेवता. ही देवी वरची की खालची, असा प्रश्न वेल्हेकरांना पडत नाही.

नसरापूरचं बनेश्वर वाटेतच लागतं, आणि बहुतेक सगळे तिथं जातातच, म्हणून थोडक्यात. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, 1749 चं देऊळ, गर्द झाडी, आणि 1683 हे साल कोरलेली पोर्तुगीज घंटा, चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाची खूण. घंटेवरचा क्रूस शोधून पाहा.

रोहिडा मात्र घाईत पाहू नका. भोरहून सात-आठ किलोमीटरवर बाजारवाडी, तिथून चढ. राजगडाची गर्दी इथं नसते. तिसऱ्या दरवाजाच्या बाजूंना हत्तीची शिरं कोरलेली आहेत आणि एकीकडे फारसी, दुसरीकडे मराठी असे दोन शिलालेख, आदिलशाहीच्या काळातले. माथ्यावर उभं राहिलं की ज्या खोऱ्यांची नावं मी वर सांगितली, त्यांतली बरीचशी पायाखाली पसरलेली दिसतात. रायरेश्वराचं लांबच लांब पठार पश्चिमेकडे. तिथल्या देवळात 1645 मध्ये स्वराज्याची शपथ घेतली गेली, ही मावळाची श्रद्धा, आणि देवळाची पूजा करणारी जंगमांची कुटुंबं आजही त्या उंचीवर संसार करून आहेत. पावसाळ्यात धुकं उतरलं, की दिवसचे दिवस खालचं जग त्यांना दिसत नाही.

आता वारशाच्या मान्यतेमुळे गर्दी वाढेल. ती येऊ नये, असं मी म्हणणार नाही; महाराजांचा गड पाहायला माणसं यायची नाहीत, तर मग कशासाठी यायची? पण ती कुठं उतरतील, यावर या मुलखाचं बरंवाईट अवलंबून आहे. पायथ्याच्या गुंजवण्यात, पालीत भातखाचरांवर मुरूम टाकून पार्किंग आणि तंबू होणार असतील, तर पुढच्या पिढीला राजगडाभोवती गुंजण मावळ उरणारच नाही. ती माणसं भोरच्या पेठेत, वेल्ह्याच्या ओसऱ्यांवर राहिली, एसटीनं आणि जीपनं खोऱ्यांत गेली, तर पैसा गावात राहील आणि खोरं खोऱ्यासारखं राहील. त्यासाठी फार मोठं काही लागत नाही. स्वच्छ संडास, खोऱ्याखोऱ्यांत जाणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लॉजच्या भिंतीवर, आणि वाटाड्या म्हणून गावातली मुलं. आमच्या काकांनी हे वेळापत्रक स्वतः हातानं लिहून लावलं आहे. आगारात गाडी बदलली की ते खडूनं दुरुस्ती करतात.

चैत्रात, रामनवमीच्या सुमारास, या लॉजमध्ये मला खोली मिळत नाही. त्या दिवसांत सगळ्या खोल्या भोरकरांनी घेतलेल्या असतात. मुंबईत, पुण्यात, कुणी त्याहून लांब गेलेले. इथले वाडे भावकीत वाटले गेले, विकले गेले, काहींच्या जागी इमारती आल्या. उत्सव मात्र त्यांना चुकवायचा नसतो. मग आपल्याच गावात, आपल्या जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर ते लॉजची खोली घेतात, वहीत पत्त्यापुढे बोरिवली किंवा कोथरूड लिहितात आणि काकांशी भोरच्या बोलीत बोलतात. दुपारी बारा वाजता राजवाड्यात पाळणा हलतो, तेव्हा त्यांतली प्रत्येक बाई पुढे होऊन दोरी धरते. त्या दिवसांत मी सकाळच्या एसटीनं स्वारगेटहून येते, उत्सव पाहते, खानावळीत प्रसादाचं जेवते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. खोलीवर त्यांचा हक्क माझ्या आधीचा आहे.